एका तबकडीने टाळी वाजत नाही

डीजे व्हायला निघालेल्या माणसाने पहिल्या रेकॉर्डी कोणत्या घ्याव्यात, याबद्दल सर्वांत ठाम मतं असतात ती जन्मात एकही रेकॉर्ड विकत न घेतलेल्या लोकांची. ज्यांच्याकडे दोनेकशे रेकॉर्डी आहेत ते 'बघ बाबा, तुला काय आवडतं त्यावर आहे' म्हणून विषय संपवतात. ज्यांच्याकडे दोन हजार आहेत ते बोलतच नाहीत. आपण त्यांच्या कपाटाच्या किती जवळ उभे आहोत, एवढ्यावरच त्यांचं लक्ष असतं.

आमचा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे इंजिनिअरिंग सोडून बाकी सगळ्याला त्याच्याकडे वेळ आहे. त्याला डीजे व्हायचंय, आणि तेही लॅपटॉपवर बटणं दाबून नव्हे, तर खऱ्याखुऱ्या काळ्या तबकड्या हाताने फिरवून. ताईने 'डीजे' हा शब्द ऐकला आणि तिच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतला ट्रक आला, स्पीकरच्या भिंतीसकट. तिने ते दाजींच्या कानावर घातलं, दाजींनी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्याची सूचना झळकली. घरात तेव्हा एक टर्नटेबल होतं आणि त्याला स्पीकर जोडलेलाच नव्हता. पोरगा हेडफोन लावून बसलेला. बाहेर ऐकू येत होती ती सुईची बारीक कुरकुर आणि मधूनच त्याचा एक 'अर्रर्र'.

मग सल्लागार आले. पहिले दाजींचे मित्र. त्यांच्या मते सुरुवात गीतरामायणाच्या संचापासून करावी, शुभ असतं. 'काका, पण ते मिक्स कसं करायचं?' असं भाच्याने विचारल्यावर ते भडकलेच. 'मिक्स कशाला करायचं? बसून ऐकायचं!' भाचा गालात हसला, पण मला त्या काकांचं कौतुक वाटलं. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली डेव्हिड मॅन्क्युसो नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या राहत्या जागेत नाचाच्या मैफली सुरू केल्या. 'द लॉफ्ट' या नावाने त्या जगभर गाजल्या आणि डिस्कोचा उगम शोधत गेलं की त्याच्या दारात येऊन थांबावं लागतं. हा मॅन्क्युसो पुढे पुढे गाण्यात गाणं मिसळायचंच सोडून बसला. प्रत्येक रेकॉर्ड पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत पूर्ण वाजवायची, मध्ये हात लावायचा नाही, असा त्याचा नेम. म्हणजे दाजींचे मित्र सदाशिव पेठेत बसून नकळत त्याच घराण्याचं गात होते.

दुसरे सल्लागार ध्वनिशुद्धीवाले. त्यांच्या घरी गाणं लागलं की ते गाणं ऐकत नाहीत, दोन स्पीकरच्या मधली हवा ऐकतात. त्यांनी बजावलं की तबकडी १८० ग्रॅमचीच हवी, त्याहून हलकी म्हणजे पत्रावळ. सुई अशी हवी, वायर तशी हवी. वायरची किंमत ऐकून दाजींनी त्यांना चहाबरोबर बिस्किट द्यायचं टाळलं. या पंथाच्या लोकांना डीजेचं काम कधी दाखवू नये. डीजे तबकडीवर पाचही बोटं ठेवतो, तिला मागे ओढतो, पुढे ढकलतो, सुई उचलून भलत्याच ठिकाणी टेकवतो. ते पाहून हे गृहस्थ जागीच आडवे व्हायचे.

तिसरा भाच्याचा वर्गमित्र. त्याने एका वाक्यात निकाल दिला: 'अरे, दोनच रेकॉर्ड लागतात, त्याही रिकाम्या.' हे खोटं नाही. २००४ साली सेराटो कंपनीचं सॉफ्टवेअर आलं. त्यासोबतच्या तबकडीवर गाणं नसतं, नुसता एक किर्र संकेत कोरलेला असतो. सुई तो वाचते आणि लॅपटॉपला कळवते की हात कुठे आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने फिरतोय. गाणं लॅपटॉपमधलं, फिरवणं मात्र हाताचं. त्या दोन तबकड्यांवर जगातलं कुठलंही गाणं वाजतं. व्यवहाराच्या दृष्टीने हाच सल्ला सर्वांत शहाणपणाचा, म्हणून कोणीच मानला नाही.

या सगळ्या गडबडीत एक साधी गोष्ट बाजूला पडते. ऐकणाऱ्याची रेकॉर्ड वेगळी आणि डीजेची वेगळी. ऐकणाऱ्याला गाणं हवं असतं. डीजेला गाण्यातला तो तुकडा हवा असतो जिथे गाणारा श्वास घ्यायला थांबतो, व्हायोलिनवाले पान उलटतात आणि मागे उरतो तो नुसता ठेका. इंग्रजीत त्याला ब्रेक म्हणतात. आपल्याकडे तमाशाच्या फडात ढोलकीवाल्याला जी मोकळीक मिळते, ढोलकीचा तोडा, तोच हा प्रकार. प्रेक्षक तिकिटाचे पैसे खरं म्हणजे तिथेच वसूल करतो.

हे प्रथम ज्याच्या ध्यानात आलं तो क्लाइव्ह कॅम्पबेल, ऊर्फ डीजे कूल हर्क. मूळचा जमैकाचा, राहायला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने, सिंडीने, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एक पार्टी ठेवली. कारण अगदी घरगुती. शाळा सुरू व्हायची होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट प्रवेश. हर्कने पाहिलं होतं की पोरं गाणंभर उभी राहतात आणि ठेका मोकळा झाला की अंगात आल्यासारखी नाचतात. पण तो मोकळा ठेका काही सेकंदांतच संपतो. मग हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायला सुरुवात केली. एकीवरचा ठेका संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून पुन्हा जागेवर. काही सेकंदांचा तुकडा मग पुरवावा तेवढा पुरतो. हिप-हॉप नावाचा जो डोंगर पुढे उभा राहिला, त्याचा पायथा हाच.

म्हणजे पहिल्या रेकॉर्डी कोणत्या, याचं निम्मं उत्तर 'कोणतीही, पण दोन प्रती' असं आहे. हे उत्तर आपल्या मध्यमवर्गीय संस्कारांत बसत नाही. एकच वस्तू दोनदा? ताईला हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. 'एक आहे ना चांगली? मग तीच दोनदा लाव,' ती म्हणाली. यावर उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

हर्कची आणखी एक गंमत. प्रतिस्पर्धी त्याच्या खांद्यावरून डोकावून गाण्याचं नाव वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच रेकॉर्ड घेऊन यायचे. तेव्हा वडिलांच्या सांगण्यावरून त्याने रेकॉर्डींवरची लेबलंच पाण्यात भिजवून काढून टाकली. मिसळवाला मसाला कधी सांगतो का? तबकडी काळी आणि तिचं पोटही कोरं. बसा वाचत.

बाकीचे शोधही असेच घरातले. तबकडी मागेपुढे घासून जो 'विकी-विकी' आवाज काढतात, त्या स्क्रॅचचा शोध १९७५च्या सुमारास ग्रँड विझर्ड थिओडोर नावाच्या शाळकरी पोराला लागला. तो स्वतः सांगतो ती हकीकत अशी, की मोठ्याने गाणी लावली म्हणून आई ओरडायला खोलीच्या दारात आली. तिचं बोलणं ऐकायला त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली आणि हाताच्या हालचालीने जो आवाज निघाला तो त्याला आवडला. ताईने रोज ओरडूनही आमच्या घरात अजून कुठला शोध लागलेला नाही.

खरेदीला कुठे जायचं हा पुढचा प्रश्न. माझ्या पिढीच्या मुंबईकरांसाठी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस होतं, तेही २०१६ साली बंद झालं. नवी परदेशी रेकॉर्ड घ्यायची तर एका नगाला दोन-तीन हजार सहज जातात, आणि आपलं सूत्र 'दोन प्रती' असल्यामुळे ते लगेच दुप्पट होतात. म्हणून आम्ही जुना बाजार गाठला. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत भरतो, तो रविवारी आणि बुधवारी. मंगळवारी का नाही, असं पुण्यात कोणी विचारत नाही आणि विचारलं तर कोणी सांगत नाही.

ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, भांडं नसलेले मिक्सर, एका पायाचे लष्करी बूट, आणि त्यांच्या शेजारी रेकॉर्डींचा आडवा ढीग. आडवा ढीग दिसला की तळाशी हात घालू नये. वरच्यांच्या वजनाने आणि उन्हाने खालच्या रेकॉर्डी वाकलेल्या असतात. तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून पाहिली की किती लाटा उठल्यात ते कळतं. मग ती तिरक्या उन्हात धरायची. पृष्ठभागावर पांढरे ठिपके म्हणजे पावसाळ्याची बुरशी. ती धुतली की बऱ्यापैकी जाते. ओरखडा दिसला तर त्यावरून हलकेच नख फिरवायचं. नख अडलं तर सुईही अडणार. नंतर मधलं भोक पाहायचं. त्याच्याभोवती लेबलावर बारीक रेघांचं जाळं असेल, तर कुणीतरी ती रेकॉर्ड वर्षानुवर्षं, बहुधा अंधारात, चाचपडत लावलेली असते. अशी रेकॉर्ड मी तरी सोडत नाही. जी एवढ्या वेळा लावावीशी वाटली तिच्यात काहीतरी असणारच. भाच्याच्या मते हे शास्त्र नव्हे, हळवेपणा आहे.

मी एक रेकॉर्ड उचलून विक्रेत्याला विचारलं, 'चालू आहे का ही?'

'रेकॉर्ड कधी बंद पडते का साहेब? मशीन बंद पडतं.'

'केवढ्याला?'

'तुम्ही बोला.'

'शंभर.'

त्याने माझ्याकडे न बघता भाच्याकडे पाहिलं. भाच्याने उत्साहाच्या भरात मोबाइल काढून तिची जागतिक किंमत पाहायला सुरुवात केली होती. 'आता तीनशे,' विक्रेता म्हणाला. जुन्या बाजारात मोबाइल खिशात ठेवावा. तुम्ही पाहता तेच त्यालाही पाहता येतं, आणि त्याचं नेट जास्त जोरात चालतं.

ढिगात होतं ते अपेक्षेप्रमाणेच होतं. एचएमव्हीच्या डमडमच्या कारखान्यातून निघालेल्या फिल्मी ईपी, भावगीतं, एका कोपऱ्यात सनई, आणि 'शोले'च्या संवादांची पॉलिडोरची एलपी. चित्रपट १९७५चा, आणि गाण्यांइतकीच, किंबहुना गाण्यांहून जास्त, त्याच्या संवादांची रेकॉर्ड गाजली. ती पाहून मी 'ही कशाला?' म्हणालो, पण भाच्याने ती छातीशी धरली. पोरगं बरोबर होतं. स्क्रॅचला गाणं लागत नाही, लागतो सुटा, धारदार, ओळखीचा शब्द. अमेरिकेतल्या डीजेंनी त्यासाठी मुलांच्या गोष्टींच्या आणि कराटेपटांच्या रेकॉर्डी पालथ्या घातल्या. आपल्याकडे गब्बर आयता आहे. घरी आल्यावर भाच्याने स्पीकर जोडून गब्बरचा तो माणसं मोजायला लावणारा प्रश्न इतक्या वेळा मागेपुढे घासला, की शेवटी शेजारच्या आजी दार ठोठावून म्हणाल्या, 'अरे, दोन होते म्हणून सांगून टाक ना त्याला एकदा!'

फिल्मी ईपींचं मात्र अवघड झालं. कागदावर कल्पना झकास होती: आर. डी. बर्मनचं एक गाणं, त्यात मिसळून दुसरं, त्यातून कल्याणजी-आनंदजी. प्रत्यक्षात जुन्या फिल्मी गाण्याच्या सुरुवातीला ताल असतोच कुठे? आधी व्हायोलिनवाले दरी-डोंगर उभे करतात, मग बासरी त्यांवर धुकं सोडते, मग नायिका एक आलाप घेते, आणि तोवर नाचायला आलेला माणूस पाणी प्यायला जातो. दुसरी अडचण त्याहून मोठी. ही गाणी जिवंत माणसांनी एका खोलीत बसून वाजवलेली आहेत. अंतऱ्यावर ढोलक जरा सरसावतो, मुखड्यावर परत येताना दम खातो. ऐकताना तेच तर गोड लागतं. पण दोन गाणी एकमेकांवर चढवून ठेका जुळवायला गेलं की दहाव्या सेकंदाला दोघांचे पाय एकमेकांत अडकतात. टर्नटेबलवर वेग कमी-जास्त करायची पट्टी असते. जगभरच्या क्लबांत जे ठाण मांडून बसलेलं आहे, त्या टेक्निक्सच्या एसएल-१२०० मार्क टूवर ती अधिक-उणे आठ टक्के सरकते. नवशिक्याने त्या आठ टक्क्यांत ढोलकवाल्याच्या मूडचा पाठलाग करू नये. हे हाताला आयुष्यभराचा सराव असलेल्यांचं काम.

(यंत्राचंही सांगून टाकतो. हे एसएल-१२०० पहिल्यांदा आलं १९७२ साली, मार्क टू १९७९ला. २०१० साली कंपनीने ते बंद केलं. लोकांनी इतका गळा काढला की २०१६ला ते परत आलं. त्याची मोटर थेट थाळीखाली असते, त्यामुळे हाताने थाळी रोखून सोडली की ती क्षणात मूळ वेगावर येते. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राला तेवढा दम नसतो. आणि सुटकेसमधला तो गुलाबी रंगाचा गोंडस प्लेअर डीजेसाठी घ्यायचा विचार असेल, तर त्यापेक्षा सुटकेस घ्या, प्रवासाला होईल.)

नवशिक्याला खरं हवं असतं ते बारा इंची सिंगल. बारा इंचांच्या तबकडीवर एका बाजूला एकच गाणं. याचा जन्म टंचाईतून झालेला. टॉम मोल्टन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस एका गाण्याची नमुना तबकडी कापून घ्यायला गेला, तेव्हा सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या. दहा इंची होती. तिच्यावर ते गाणं एवढुशा पट्ट्यात मावलेलं पाहून त्यालाच ते विचित्र वाटलं, म्हणून खाचा दूर दूर पसरवून आवाजही वाढवून कापायला सांगितलं. निकाल ऐकून तो आणि तबकडी कापणारा, दोघंही थक्क झाले. खाच ऐसपैस असली की ठेका मोठा आणि खणखणीत येतो, आणि गाणं लांबवायलाही जागा मिळते. १९७६ साली सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजरचं 'टेन परसेंट' बारा इंचीवर बाजारात आणलं. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते मूळ गाण्याच्या दुपटीहून लांब केलेलं, नऊ मिनिटांच्या पुढे. तेव्हापासून अशा रेकॉर्डींच्या सुरुवातीला आणि शेवटी मिनिट-मिनिट नुसता ठेका ठेवायची रीत पडली. ऐकणाऱ्याला वाटतं, अरे गाणं सुरू कधी होणार? ते त्याच्यासाठी नसतंच. तो डीजेच्या चढ-उतारासाठी ठेवलेला फलाट आहे.

म्हणून पहिली रेकॉर्ड थोडी कंटाळवाणीच असावी असं माझं मत झालंय. अंगापिंडाने सरळ, ठेका ठाम, सुरुवात मोकळी. यंत्राच्या ठेक्यावरचं साधं हाउस किंवा उत्तर काळातलं डिस्को. तिचं नाव कोणाला सांगितल्यावर समोरच्याची भुवई वर जाऊ नये. भुवया वर नेणाऱ्या रेकॉर्डीच नवशिक्याला बुडवतात.

उदाहरण घरचंच आहे. चरणजित सिंग हे मुंबईचे स्टुडिओतले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं जमवली, त्यांच्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, आणि एचएमव्हीने त्याची एलपी काढली: 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. कोणी विचारली नाही. पुढे शिकागोत १९८७ साली 'ॲसिड हाउस' नावाचं संगीत निघालं, त्यातल्या किरकिऱ्या बेसचा आवाज याच तिघांपैकी एका यंत्राचा. २०१० साली हॉलंडमधल्या लोकांनी ती एलपी पुन्हा छापली तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं: हे तर मुंबईत पाच वर्षं आधीच होऊन गेलं! आता मूळ प्रतीसाठी संग्राहक वाटेल ते मोजतात. गंमत पुढेच आहे. ठेका यंत्राचा असल्यामुळे ती कुठे पळत नाही, दमही खात नाही. सगळ्या जुन्या भारतीय रेकॉर्डींत मिसळायला सर्वांत सोपी म्हणाल तर हीच. नवशिक्याला अगदी योग्य, आणि मूळ प्रत त्याने अजिबात घेऊ नये. पुनर्मुद्रण घ्यावं. सुईला किंमत कळत नाही.

भाच्याला हे पटायला वेळ लागला. दुर्मीळ रेकॉर्डचा मोह वाईट. अमुक एक तबकडी जगात थोड्याच जणांकडे आहे, हे कळलं की माणूस ती घेतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो आणि तिच्यावर हात ठेवायला घाबरतो. ज्या रेकॉर्डवर हात ठेवायची भीती वाटते ती डीजेच्या काय कामाची? न्यूयॉर्कच्या मंडळींनी यावर केव्हाच तोड काढली होती. १९८६ ते १९९१ या काळात 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या नावाने पंचवीस एलपी निघाल्या. जुन्या डीजेंनी जिवापाड लपवलेली, लेबलं धुतलेली सगळी गाणी एका ठिकाणी. गाइड छापून मिळावं तसं. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली आणि पोरांनी दोन-दोन प्रती घेतल्या.

आणि मग आहेत स्क्रॅचसाठीच बनवलेल्या तबकड्या, ज्यांचं गणित ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. सराव करताना सुई उडते. उडाली की शेजारच्या खाचेत पडते, आणि ताल गेला. आता तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. ठेका मिनिटाला बरोबर १०० मात्रांचा ठेवला, तर एक मात्रा ०.६ सेकंदांची, म्हणजे एका फेऱ्यात नेमक्या तीन. १३३⅓ ठेवला तर नेमक्या चार. मग प्रत्येक खाचेवर तोच आवाज त्याच कोनाला येतो, आणि सुई उडून शेजारी पडली तरी तालातच पडते. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. हे भाच्याने मला वहीवर मांडून दाखवलं. दाजी दारात उभे राहून पाहत होते. चार वर्षांची फी भरल्यानंतर पोराला गणित करताना ते पहिल्यांदाच पाहत असावेत. काही न बोलता आत गेले आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टर्नटेबलचे पैसे दिले.

थोडं वजनाचंही पाहावं. कव्हरासकट शंभर एलपी म्हणजे वीस किलोंच्या वर जातात. पहिल्या वर्षात शंभर घेणारा मुलगा दुसऱ्या वर्षी कंबरेचा पट्टा घेतो. वीसेक रेकॉर्डी पुरे. पण त्या इतक्या वाजवाव्यात की कुठल्या खाचेवर ठेका मोकळा होतो ते न बघता हाताला कळलं पाहिजे. ब्रॉन्क्सचा ग्रँडमास्टर फ्लॅश त्यासाठी तबकडीवर मेणखडूने खूण करायचा, घड्याळाच्या काट्याचा हिशेब ठेवायचा. ध्वनिशुद्धीवाल्या काकांना हेही सांगू नये.

आता शेवटी आमच्या पिशवीत काय जमलं ते सांगतो. एका कंटाळवाण्या हाउस गाण्याच्या दोन प्रती. एक स्क्रॅचची तबकडी. गब्बर. ताईने माळ्यावरून काढून दिलेल्या कोळीगीतांच्या दोन ईपी. यांचा ठेका मिरवणुकीला उभा राहील असा सरळ आहे आणि क्लबवाल्यांनी त्यांच्याकडे अजून का पाहिलं नाही हे मला कळत नाही. गीतरामायण दाजींच्या मित्रांकडेच राहिलं. ते बसून ऐकायला आम्ही दोघं जाऊन आलो.

आणि एक लावणीची ईपी. ती जुन्या बाजारात त्या तीनशेवाल्याने वर फुकट टाकली, कारण कव्हर नव्हतं आणि लेबल पाण्याने पार गेलं होतं. हर्कने जे मुद्दाम केलं ते तिच्या बाबतीत कुणाच्या तरी गळक्या माळ्याने केलंय. मोबाइलला दोनदा ऐकवून पाहिली, मोबाइलने दोन्ही वेळा हात टेकले. पण सुरुवातीलाच ढोलकीचा तोडा आहे, नुसती ढोलकी, बाकी कोणी नाही, आणि तो असा काही कडकडीत आहे की पहिल्यांदा वाजला तेव्हा सेक्रेटरी जिन्यात थांबले ते तोडा संपेपर्यंत. अडचण एकच. प्रतही एकच आहे.

तेव्हा वाचकांना विनंती. घरातल्या जुन्या रेकॉर्डी रद्दीत किलोवर घालण्याआधी एकदा लावून पाहा. सात इंची, पंचेचाळीसच्या वेगाची, लेबल बहुधा लाल असावं. सुरुवातीला बारा-तेरा सेकंद ढोलकी आणि तोडा संपता संपता मागे कोणीतरी एकदा खोकतं. तशी सापडली तर या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. शंभर रुपये देऊ. मोबाइल पाहिला नसेल, तर तीनशेही देऊ.